त्रेचाळीस घरांत एकच चित्र

३ मार्च, सोमवार

ही वही खरं तर कामाची. कोणाच्या घरावर कोणती अँटेना, किती फूट पाइप, तोंड कोणत्या दिशेला, एवढंच मी तीसेक वर्षं तिच्यात लिहीत आलो. आज पहिल्यांदा स्वतःबद्दल लिहितोय, कारण काल मी चारचौघांत शब्द देऊन बसलो आहे.

शाळेच्या वर्गात सभा होती. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. प्रक्षेपण कार्यालयाचा माणूस आला होता. त्याने सांगितलं, एकतीस तारखेला दुपारी बारा वाजता जुनं प्रक्षेपण कायमचं बंद. पुढे सगळं डिजिटल. घरटी एक पेटी मिळणार, ती टीव्हीला जोडायची. अँटेना आहे तीच चालेल. चित्र आरशासारखं स्वच्छ.

आमच्या मास्तरीणबाई निवृत्त झाल्या तरी सभेत हात वर करूनच बोलतात. त्या म्हणाल्या, "आम्ही खालच्या वस्तीतले. मागे डोंगर, पुढे खाणीचा कडा. केबलवाले आमच्या त्रेचाळीस घरांसाठी खाली उतरत नाहीत. डिश लावावी तर कडा आडवा येतो. मोबाइल कानाला लावून माणूस गच्चीवर चकरा मारतो. आमच्याकडे हे नवं येईल ना?"

त्याने कागद उलगडला. "नकाशावर तुमचा भाग हिरवा आहे."

"हिरवा म्हणजे?"

"म्हणजे येईल."

लोकांची चुळबुळ चालू झाली. मग मीच उभा राहिलो. म्हणालो, "अहो, जुनं चित्र या खड्ड्यात कोणी आणलं? मीच ना? हेही आणतो. एकही घर काळं राहणार नाही. माझा शब्द." टाळ्या पडल्या. मास्तरीणबाईंनी ते वाक्य सभेच्या वहीत लिहूनही घेतलं.

बाहेर पडताना ताईने बाही ओढली. ताई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. भावजी गेल्यापासून वस्तीच्या अगदी तळाच्या गल्लीत एकटी राहते. "धाकट्या, एवढं छातीठोकपणे कशाला बोलायचं?" म्हणाली. मी एकसष्ट वर्षांचा, पण तिच्यासाठी धाकट्याच. मी हसण्यावारी नेलं.

१२ मार्च, बुधवार

वरच्या वस्तीत शिंप्याच्या मुलीकडे पहिली पेटी बसवली. काय चित्र! बातम्या सांगणाऱ्या बाईच्या पापण्या मोजता आल्या. मुंग्या नाहीत, एका चेहऱ्याच्या मागे दुसरा चेहरा नाही, खरखर नाही. वाटलं, आपण इतकी वर्षं लोकांना धुक्यातून टीव्ही दाखवत होतो.

घरी येऊन माझ्या वाट्याची पेटी स्वतःच्या टीव्हीला जोडली. आपल्याकडे काही आलं नाही. पेटी शोधत राहिली आणि शेवटी लिहून आलं, "सिग्नल नाही." सध्या नवा मनोरा निम्म्याच ताकदीवर चालू आहे म्हणतात. एकतीसला पूर्ण ताकद देतील तेव्हा येईल.

ही म्हणाली, "आत्ताच कार्यालयाला विचारून घ्या की." म्हटलं, उगीच घाई कशाला.

१ एप्रिल, मंगळवार

आजच्या तारखेला लोक एकमेकांना मूर्ख बनवतात. आमच्या वस्तीला एक दिवस आधीच बनवलं.

काल बाराच्या ठोक्याला जुनं चित्र गेलं. मागे नुसत्या मुंग्या उरल्या, त्याही थोड्या वेळाने मी बटण दाबून घालवल्या. पेटी चालू केली. "सिग्नल नाही." शेजारी गेलो, तिथेही तेच. मग माणसंच माझ्या दारात यायला लागली. पाच वाजेपर्यंत अठरा घरं झाली, आणि आज उरलेली. त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस काळी.

मी गच्चीवर, ही खाली खिडकीत. आमची जुनी पद्धत. मी अँटेना फिरवायची, तिने ओरडायचं, आलं, गेलं, थोडं मागे घ्या. पण ही नवी पेटी विचार करून बोलते. अँटेना फिरवली की पाच-सहा सेकंदांनी तिला कळतं. ही ओरडली, "पडद्यावर चौकोन आले! आले!" तोवर मी हातभर पुढे गेलेलो. मागे आलो तर ही म्हणते "गेले." असं आम्ही तासभर एकमेकांवर ओरडत होतो. शेवटी ही म्हणाली, "संसारात एवढी चुकामूक कधी झाली नव्हती."

५ एप्रिल, शनिवार

आता थोडं डोक्यात शिरलंय. जुना मनोरा डोंगराच्या अलीकडे होता. त्याचं चित्र खाणीच्या कड्यावर आपटून आमच्याकडे यायचं. आपटल्यामुळे मार खाल्लेलं, दुहेरी, पांढरट, पण यायचं. नवा मनोरा डोंगराच्या पलीकडे. आणि या नव्या चित्राचा स्वभाव असा की यायचं तर ठणठणीत, नाहीतर दारातूनच परत. मधलं काही नाही. जुन्या चित्राशी मला वागता येत होतं. थोडा पाइप वाढवला, थोडी काडी वाकवली, की ते तेवढंच सुधारायचं. याच्याशी कसं वागायचं हे मला कोणी शिकवलेलं नाही.

चार घरांवर वीस फुटी पाइप चढवले. बूस्टर लावले. दोन घरी क्षणभर चौकोन आले, कोणाचा तरी अर्धा चेहरा आला, आवाज तुटक तुटक आला आणि गेला. शिंप्याची आई अंथरुणावर असते. ती म्हणाली, "तो अर्धाच राहू दे रे, तेवढाच बरा." तोही राहिला नाही.

९ एप्रिल, बुधवार

तक्रारीच्या नंबरावर फोन. रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर उभा राहून केला. जसा बोललो तसा लिहितो.

"तुमच्या पत्त्यावर उत्तम प्रक्षेपण आहे."

"पण दिसत नाही."

"दिसायला हवं."

"अहो, त्रेचाळीस घरी दिसत नाही."

"पेटी बंद करून परत चालू करा."

"त्रेचाळीस पेट्या बंद करून चालू केल्या."

"मग अँटेना बसवणाऱ्या माणसाला बोलवा."

"मीच तो."

पलीकडच्या मुलीच्या की-बोर्डची टकटक ऐकू आली. मग ती मुलगी म्हणाली, "दुसऱ्या एखाद्याला बोलवून बघा."

उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं. पण रात्रभर तिचं ते शेवटचं वाक्यच कानात राहिलं.

१३ एप्रिल, रविवार

आलं! एका घरी आलं! तेही ताईच्या.

नीट लिहितो. ताईचं घर सगळ्यात खाली, म्हणून ते मी शेवटी ठेवलं होतं. काल आणि परवा दिवसभर तिथेच होतो. आज वारा फार होता. वीस फुटी पाइप शिडीवरून धरलेला, तो हातातच डुलत होता. मध्येच डाव्या गुडघ्याने दगा दिला आणि पाय पायरीवरून सुटला. क्षणभर नुसत्या हातांवर लोंबकळलो. मग पाय सापडला. खाली बघितलं तर ताई अंगणात उभी, तोंडावर पदर धरून. मी म्हटलं, "काही नाही, तू आत जा, पडदा बघ. आज आल्याशिवाय मी खाली उतरणार नाही."

ती आत गेली. मिनिटभरही झालं नसेल, तोच आतून ओरडली, "आलं! धाकट्या, आलं! आता हलवू नकोस! तसंच बांध आणि खाली ये!"

"स्वच्छ आहे का?"

"एकदम स्वच्छ! खाली ये आधी!"

तारेने घट्ट आवळून टाकलं. उतरायला मला वेळ लागला. आत गेलो तोवर तिने टीव्ही बंद केला होता. म्हणाली, "एवढ्या लख्ख चित्राने डोळे दुखले. संध्याकाळी बघेन." आणि मला तिने चहा दिला, गुडघ्याला तेल लावून दिलं, आणि वचन घेतलं की आता पुन्हा शिडी चढायची नाही. मनात म्हटलं, बघू.

त्रेचाळीसपैकी एक. पण एक तरी. म्हणजे खड्ड्यात चित्र येतं. म्हणजे दोष मनोऱ्याचा नाही, जागेचाही नाही. नेमकी जागा आणि नेमकी दिशा सापडायला हवी, एवढंच.

१७ एप्रिल, गुरुवार

ताईच्या अँटेनाची दिशा, उंची, झुकाव सगळं मोजलं. त्याच मापाने तिच्या डावी-उजवीकडच्या पाच घरांवर लावून पाहिलं. (हे ताईला सांगितलं नाही. एका घराला जिन्यानेच गच्चीवर जाता येतं, तिथे शिडी लागत नाही.) कुठेच काही नाही. मग ताईच्या घरात वेगळं काय आहे? पत्र्याचं छप्पर? मागची पाण्याची टाकी? विचार करून डोकं शिणलं.

रोज तिच्याकडे डोकावतो. "काल बघितलंस ना?" "बघितलं की. छान दिसतं." मालिकेत काय चाललंय विचारलं तर म्हणाली, धाकट्या सुनेने घर सोडलं. ते तर गेल्या वर्षीच झालं होतं. ही मालिकावाली माणसं तेच तेच उगाळतात, लोकांना काय कळतंय म्हणून.

२२ एप्रिल, मंगळवार

मास्तरीणबाईंनी अर्जाचा कागद आणला. जिथे नवं चित्र मुळीच पोहोचत नाही, तिथे कार्यालय एक छोटा मनोरा बसवून देतं. कड्याच्या माथ्यावर तो बसला तर सगळी वस्ती उजळेल. बाई माझ्या पडवीत बसून एकेक रकाना भरत होत्या.

सातवा रकाना आला. "वस्तीतील कोणत्याही घरी प्रक्षेपण मिळते काय?"

बाई म्हणाल्या, "नाही, असं लिहिते."

"असं कसं? ताईकडे येतं ना."

त्यांनी पेन उचलून धरलं. "तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"मी खाली उतरेपर्यंत तिने बंद केलं होतं. पण ताई खोटं सांगेल का, बाई? ती जन्मात कोणाशी खोटं बोललेली नाही. आणि खोट्या कागदावर मी सही करणार नाही. लिहा, एका घरी उत्तम मिळते." मग मीच म्हटलं, "बसवणाऱ्याचं नावही लिहा."

ही दारात उभी होती. म्हणाली, "अहो, एका घराने काय होतंय, राहू द्या की." मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. उलट त्यांना पटेल की इथे चित्र येऊ शकतं, थोडी मदत हवी एवढंच.

बाईंनी लिहिलं. सह्या झाल्या.

४ मे, रविवार

वस्तीत संध्याकाळी विचित्र शांतता असते. पूर्वी गल्लीतून चालताना एकच बातमी सात खिडक्यांतून ऐकू यायची. आता भांड्यांचे आवाज येतात, नाहीतर भांडणाचे. ज्यांची मुलं वरच्या वस्तीत आहेत ती चढण चढून तिकडे जातात. ज्यांचं कोणी नाही ते ओट्यावर बसतात आणि मी दिसलो की बोलणं थांबवतात. न्हाव्याने मला नवीन नाव दिलंय, "सिग्नल नाही." त्याच्या दुकानासमोरून जाताना कोणीतरी हळूच म्हणतं आणि आत खसखस पिकते. मी ऐकलं नाही असं दाखवतो. तीस वर्षं यांच्या कौलांवर माकडासारखा चढलो.

ताईवरही लोक नाराज आहेत, आणि यात मला लोकांचंच बरोबर वाटतं. शिंप्याने विचारलं होतं, माझ्या आईला खुर्चीत बसवून तासभर तुमच्याकडे आणू का. ताई म्हणाली, घर आवरलेलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाली, डोकं दुखतंय. आता तिच्याकडे कोणी फिरकत नाही. नळावर बायका तिच्याशी बोलत नाहीत असं ही सांगत होती. मी ताईला म्हटलं, "एखाद दिवस बसू दे की त्यांना. एकटीने बघून कसलं सुख?" ती म्हणाली, "नको रे." एवढंच. म्हातारपणी माणूस हट्टी होतं.

परवा मालिकेच्या वेळेला गेलो तर ती बाहेर पायरीवर बसलेली. "आत का नाहीस?" "जाहिराती चालू आहेत." मी दहा मिनिटं तिच्याशेजारी बसलो. जाहिराती काही संपल्या नाहीत. आवाजही अगदी बारीक ठेवते, बाहेर काही ऐकू येत नव्हतं.

१९ मे, सोमवार

उत्तर आलं. मास्तरीणबाईंनी सगळ्यांना शाळेत बोलावून वाचून दाखवलं. मला पाठ झालंय.

"अर्जात नमूद केल्यानुसार सदर वस्तीच्या सर्वांत सखल भागातील घरी उत्तम प्रक्षेपण मिळत आहे. यावरून अन्य घरांतील अडचण ही घरगुती उपकरणे व अँटेना यांतील दोषामुळे असल्याचे दिसते. सबब मनोऱ्याची आवश्यकता नाही. प्रकरण बंद."

कोणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. शिंपी उठला, त्याने आपला बाक नीट जागेवर सरकवला आणि निघून गेला. मग एकेक जण तसाच.

माझ्या सहीच्या कागदाने माझीच वस्ती बुडवली. आणि मी खोटं तर काही लिहिलं नव्हतं! मग चुकलं कुठे, हेच कळत नाही.

२१ मे, बुधवार

दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. आज ताईकडे गेलो. तिला पत्राबद्दल कळलेलंच होतं. चेहरा एवढासा झाला होता. जेवलीही नसावी, भांडी पालथीच होती.

"माझ्या घरामुळे झालं ना?" म्हणाली.

"तुझ्या घरामुळे कसं? त्यांच्या आडमुठेपणामुळे."

"धाकट्या, ऐक. त्या दिवशी तू वर होतास ना, तेव्हा मी..."

तिचा आवाज कापायला लागला. मला ते बघवेना. मी तिचा हात धरला, म्हटलं, "ताई, तू स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. सगळ्या वस्तीत एका तुझ्याकडे चित्र आहे, तेवढाच मला आधार आहे. तेही नसतं ना, तर मी या कामाला हात लावायच्या लायकीचा नव्हतो असं मी समजलो असतो. तू बघत राहा. माझ्यासाठी बघ."

तिने तोंड मिटलं. मग म्हणाली, "चहा टाकते."

मन हलकं झालं बोलून.

२७ मे, मंगळवार

आज एक नवलच कळलं. हिने सांगितलं, ताई काल काठी टेकत टेकत मास्तरीणबाईंकडे गेली होती. त्या घरापर्यंत पंचावन्न पायऱ्या आहेत. दीड तास दोघी दार लावून बोलत होत्या.

मी बाईंना जाऊन विचारलं. त्यांनी नवा अर्ज दाखवला. "खालच्या वस्तीत एकाही घरी प्रक्षेपण मिळत नाही. मागील अर्जातील सातव्या रकान्यातील माहिती चुकीची होती. कृपया प्रत्यक्ष येऊन तपासणी करावी." खाली पहिली सही ताईची, वाकडीतिकडी.

"बाई, हे तर खोटं आहे!"

बाईंनी चष्मा काढला. "तुमच्या ताईंनी जसं सांगितलं तसं मी लिहिलं."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ताई खोटं बोलली. आयुष्यात पहिल्यांदा, तेही वस्तीसाठी! स्वतःचं चित्र लपवून, चुकीची माहिती दिल्याचा डाग स्वतःवर घेऊन. मी तसं म्हणालो. बाई चष्मा पुसत बसल्या. पुसून झाला तरी पुसत होत्या. मग म्हणाल्या, "हो. असंच समजा."

मीही सही केली. हात जड झाला होता, पण ताई एवढं करते तर मी मागे कसा राहू? घरी येऊन हिला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही ना, अगदी भोळे सांब आहात." आणि पदराने डोळे टिपत आत गेली. तिलाही भरून आलं असणार.

९ जून, सोमवार

उद्या तपासणी. कार्यालयाची गाडी येणार आहे, यंत्र घेऊन. मला घाम फुटलाय. गाडी ताईच्या दारात थांबणारच, मागच्या अर्जात तिचंच घर आहे. टीव्ही लावला आणि चित्र दिसलं तर? म्हातारी बाई खोटारडी ठरेल, आणि तिच्याबरोबर सगळी वस्ती.

दुपारी ती दवाखान्यात गेली आहे हे बघून मी शिडी घेऊन गेलो. वचन पुन्हा मोडलं. गुडघा कुरकुरत होता, वारा नव्हता हे नशीब. जी तार मी स्वतःच्या हाताने आवळली होती ती सोडली आणि अँटेनाचं तोंड पार डोंगराकडे फिरवून टाकलं. तीस वर्षांत चित्र घालवण्यासाठी कधी अँटेना फिरवली नव्हती. खाली उतरून तिच्या पायरीवर थोडा वेळ बसलो. रडू आलं, लिहायला लाज कसली.

१० जून, मंगळवार

गाडी आली. इंजिनिअर मॅडम तरुण, शांत. गाडीच्या टपावर लांब दांडा उभा करून त्यांनी गल्लीगल्लीत मोजलं. यंत्रावरचा काटा प्रत्येक ठिकाणी मान हलवत शून्याजवळच. शेवटी ताईचं घर.

मॅडमनी टीव्ही लावला. "सिग्नल नाही." मी सुटकेचा श्वास घेतला. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पेटीच्या आत शिरून बघायला लागल्या. म्हणाल्या, "आजी, एकदा चित्र आलं की पेटी वाहिन्या आपल्या पोटात साठवून ठेवते. मग चित्र गेलं तरी नावं राहतात. तुमच्या पेटीत एकही नाव नाही. ही कधी लागलीच नाही का?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मग मॅडमकडे. "नाही बाळ," म्हणाली, "कधीच नाही लागली."

इतक्या शांतपणे म्हणाली की मीसुद्धा विश्वास ठेवला असता. नंतर मला उमजलं. नक्कीच तिने ती नावंसुद्धा आधीच पुसून टाकली होती. ज्या ताईला रिमोटवरचा आवाज कमी करता येत नाही, ती हे कोणाकडून शिकून घेते काय, करते काय! मास्तरीणबाईंनीच दाखवलं असणार.

मॅडमनी लिहून घेतलं. मी विचारलं, "मग मनोरा मिळेल ना?" त्या म्हणाल्या, "मी जे पाहिलं ते लिहीन. पहिल्या अर्जावर निर्णय झाला होता ना, तेव्हाच हे कळलं असतं तर या वर्षीच्या यादीत तुमचा विचार झाला असता. आता यादी बंद झाली आहे. बघू या." त्यांनी नजर चुकवली नाही. चांगली बाई. पण तिच्याही हातात काही नाही.

३ जुलै, गुरुवार

पत्र आलं. "प्रत्यक्ष तपासणीत प्रक्षेपण मिळत नसल्याचे आढळले. पुढील टप्प्यात विचार करण्यात येईल." पुढचा टप्पा कधी, ते लिहिलेलं नाही. मास्तरीणबाईंनी फोन केला तर कोणी म्हणालं दोन वर्षं, कोणी म्हणालं सांगता येत नाही. शिंप्याची आई गेल्या आठवड्यात गेली.

संध्याकाळी ताईकडे गेलो. म्हटलं, "आता तपासणी संपली. कोणी बघायला येणार नाही. मी वर चढून तुझी अँटेना परत होती तशी करून देतो. माप वहीत आहे."

"तू फिरवली होतीस?" तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. दवाखान्याची दुपार, शिडी, तार. म्हटलं, "ताई, माफ कर. तुझी अब्रू वाचवायची म्हणून केलं."

तिने पदर तोंडाला लावला. मग हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, आणि ठसक्यानंतर ती रडायलाच लागली. मला काही सुचेना, पाठीवरून हात फिरवत राहिलो.

"वर चढू नकोस," ती म्हणाली. "कधीच चढू नकोस आता. माझं काही गेलेलं नाही रे धाकट्या."

किती मोठं मन! अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं त्या काळ्या टीव्हीसमोर बसून होतो. तिने माझा हात सोडला नाही.

त्रेचाळीस घरांत मला एकच घर जमलं होतं. तिचं एकटीचं चालू होतं, तेही मी माझ्याच हाताने बंद केलं.